जुना ट्रक कॅम्पर: आधी ओळख, मग दुरुस्ती, रंग सगळ्यात शेवटी

अमेरिकेतले जुने कॅम्पर दुरुस्त करण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. सुरुवातीला कुणाच्या तरी परसात गंजलेलं, शेवाळलेलं एक खोकं पडलेलं असतं. वीस मिनिटांनी त्याच खोक्यात पडदे लागलेले असतात, छोट्या शेगडीवर कॉफी उकळत असते आणि मालक म्हणतो, "इतक्याला घेतला, इतक्याला विकला." मग आपल्या चॅनलवर हमखास प्रश्न येतो, "सर, हा धंदा कसा आहे? आपणही जुनी वस्तू घेऊन, नटवून विकू शकतो का?"

उत्तर द्यायचं तर त्या खोक्याच्या आत शिरावं लागेल. म्हणून आजचा धडा ट्रक कॅम्परवर. तुम्ही उद्या जुना टेम्पो घ्या, जुना डीप फ्रीझर घ्या किंवा बेकरीचं जुनं ओव्हन घ्या, पैसे काढायच्या आधीची विचार करण्याची पद्धत हीच आहे.

ट्रक कॅम्पर म्हणजे नक्की काय?

पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवायची छोटी खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. तिला स्वतःचं इंजिन नसतं, चाकंही नसतात. पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर छज्जासारखा आलेला असतो आणि तिथे झोपायची जागा असते. मागे दार, आत शेगडी, सिंक, बसायला बाकडं. प्रवास संपला की चार कोपऱ्यांना जॅक लावून खोली उचलायची, खालून ट्रक काढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकने कामावर जायचं. एका गाडीत दोन कामं, म्हणून मध्यमवर्गीय अमेरिकन माणसाला हा प्रकार परवडला. १९६० च्या दशकात तिथे छोट्या-मोठ्या पुष्कळ कारखान्यांनी असे कॅम्पर बनवले.

लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये जीएमसीच्या पिकअपवर असाच एक कॅम्पर बसवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन अमेरिका फिरले. त्या प्रवासावरचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ मध्ये आलं. गाडीला त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव दिलं होतं, रोसिनांते. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावात, नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये ठेवलेली आहे.

हे सांगायचं कारण धंद्याचं आहे. जुन्या वस्तूला जी किंमत येते त्यातला मोठा वाटा गोष्टीचा असतो. "स्टाइनबेकच्या काळातला आहे" असं विकणारा म्हणाला की आकडा वाढतो. पण गोष्ट सांगायला पैसे पडत नाहीत. ती खरी आहे का, हे तपासायचं काम घेणाऱ्याचं.

पहिलं काम: ओळख पटवणं

गाडीची ओळख पटवणं सोपं, कारण तिची कागदपत्रं असतात. कॅम्परची गंमत अशी की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तो वाहन समजलाच जात नाही, ट्रकवर लादलेला माल समजला जातो. त्यामुळे पुष्कळ जुन्या कॅम्परना मालकीचा दाखला नसतो. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते. बाहेरचं नाव कुणीतरी रंगवून पुसलेलं असतं. मग ओळखायचं कसं? पोलीस पंचनामा करतात तसं. एकेक खूण घ्यायची आणि ती नेमकं काय सिद्ध करते ते विचारायचं.

*पाटी.* दाराजवळ, दाराच्या चौकटीत, कपाटाच्या आतल्या बाजूला किंवा सिंकखाली धातूची छोटी पाटी असू शकते. त्यावर कंपनीचं नाव, गाव, अनुक्रमांक. पाटी निघाली असेल तर तिच्या चार स्क्रूंची भोकं आणि रंगाचा वेगळा चौकोन दिसतो. तोही फोटोत घ्या.

*पत्ता.* पाटीवर कंपनीचा पत्ता असेल तर त्यात पाच आकडी झिप कोड आहे का बघायचं. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाला. म्हणजे ज्या पाटीवर तो छापला आहे, ती पाटी त्याआधीची असूच शकत नाही. आपल्याकडेही ही युक्ती चालते. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले संस्कृत पंडित, टपाल खात्याचे अधिकारी. एखाद्या जुन्या शिलाई मशीनच्या किंवा वजनकाट्याच्या पाटीवर सहा आकडी पिन असेल, तर "स्वातंत्र्याच्या आधीचं आहे हो" या वाक्याची तिथेच हवा निघते.

*संघटनेचा शिक्का.* अमेरिकेतल्या कॅम्पर उत्पादकांची आरव्हीआयए ही संघटना त्या नावाने १९७४ मध्ये उभी राहिली. दाराजवळ तिचा शिक्का असेल तर कॅम्पर त्याआधीचा नाही.

*खिडक्या, कुलपं, दिवे.* छोटे कारखाने सगळं स्वतः बनवत नसत. खिडक्या हेर कंपनीच्या, दाराची कुलपं आणि मागचे दिवे बार्गमन कंपनीचे, असा माल ते बाहेरून आणत. या नावांचे ठसे खिडकीच्या चौकटीवर, कुलपावर, दिव्याच्या लाल काचेवर सापडतात. शेगडी, फ्रिज, हीटर यांनाही आपापल्या पाट्या असतात. त्यांवरचे क्रमांक सगळे टिपून घ्यायचे.

*बांधणी.* कुठल्याही पाटीशिवाय बरंच काही सांगते ती बांधणी. विमानासारखा रिव्हेट मारलेला, गोलसर कडांचा ॲल्युमिनियमचा कॅम्पर असेल तर मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर गावच्या 'एव्हियन'चा असण्याची शक्यता तपासा. भिंती टणक, पण वरचा अर्धा भाग हायड्रॉलिकवर खाली-वर होतो, असा असेल तर 'अलास्कन'कडे बघा. आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पन्हाळी पत्रा, आतून पातळ प्लायवूड, अशी बांधणी असेल तर ती त्या काळातली सर्वसाधारण पद्धत. ती अनेकांची होती, म्हणून तिथे नुसत्या आकारावरून नाव ठरवू नका.

आता महत्त्वाचा मुद्दा. यातली बहुतेक चिन्हं एकाच बाजूने बोलतात. झिप कोड आहे, म्हणजे पाटी १९६३ नंतरची, हे नक्की. झिप कोड नाही, म्हणजे ती आधीची, हे नक्की नाही. कारखानदार जुन्या पाट्या संपेपर्यंत वापरतो, हे कुठल्याही दुकानदाराला सांगायला नको. तसंच दिवा किंवा फ्रिज नंतर बदललेला असू शकतो. म्हणून नियम सोपा ठेवा: एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच नाव आणि काळ मान्य करा. दोनच असतील तर "बहुधा" म्हणा, आणि "बहुधा"चे पैसे पूर्ण देऊ नका.

दुसरं काम: पाणी कुठे मुरतंय?

आपण व्यवहारात संशय आला की म्हणतो, "कुठेतरी पाणी मुरतंय." जुन्या कॅम्परमध्ये हे शब्दशः खरं असतं. लाकडी सांगाड्याच्या कॅम्परचा सगळ्यात मोठा शत्रू गंज नाही, पाणी आहे. बाहेरचा पत्रा साठ वर्षांनीही बरा दिसतो, पण त्याच्यामागचं लाकूड हाताने कुस्करता येतं.

पाणी शिरतं कुठून? छतावरच्या हवाझडपेच्या कडेने, खिडक्यांच्या चौकटींतून, छत आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्याच्या पट्टीखालून. या पट्टीखाली कारखान्यात लांबी भरलेली असते. वर्षानुवर्षं उन्हात राहून ती वाळते, तडकते आणि लोखंडी स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जातं. सगळ्यात बदनाम जागा म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचा झोपायचा भाग आणि त्याची पुढची खिडकी. वाऱ्याचा आणि पावसाचा मारा तिथेच जास्त.

तपासणीचा क्रम असा ठेवा:

१. दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. कुबट वास आला तर रंग नवा असो की जुना, पाणी मुरलंय असंच धरा.
२. गाद्या काढा. झोपायच्या जागेचे खालचे कोपरे टोच्याने हलकेच दाबा. चांगलं लाकूड टोच्याला थोपवतं, कुजलेलं त्याला आत घेतं.
३. आतल्या प्लायवूडवर काळपट, लाटेसारखे डाग दिसतात का? नवीन वॉलपेपर किंवा ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात का आहे?
४. खाली वाकून जमिनीचं प्लायवूड आणि हौद्याच्या कडांवर येणाऱ्या भागांची तळबाजू बघा.
५. जॅक जिथे बसतात ते चार कोपरे तपासा. तिथलं लाकूड कुजलं असेल तर उचलताना कंस उपटून सगळं खोकं खाली येऊ शकतं. हे पाहिल्याशिवाय कॅम्पर उचलायचा नाही आणि उचललेल्या कॅम्परखाली कुणी जायचं नाही.

दिसलेल्या कुजण्याचा हिशेब करताना एक गोष्ट धरून चला: पत्रा काढल्यावर ते जास्तच निघतं. पाणी वरून शिरतं, पण सांगाड्यातून उतरत जाऊन तळाशी साठतं. डाग जिथे दिसतो तिथेच भोक असेल असं नाही.

तिसरं काम: तीन रस्त्यांपैकी एक निवडा

ओळख पटली, कुजणं मोजलं. आता ठरवायचं की या वस्तूचं करायचं काय.

पहिला रस्ता, *जपणं.* वस्तू दुर्मिळ आहे, मूळ रूपात आहे, गळती थोडी आहे. मग फक्त पाणी थांबवा, साफसफाई करा, मूळ रंग आणि मूळ खिडक्या राहू द्या. इथे जास्त काम केलं तर किंमत उतरते.

दुसरा रस्ता, *मूळ रूपात आणणं.* सांगाडा बदला, पण नकाशा, कपाटं, पत्रा, खिडक्या तशाच ठेवा. यात मेहनत सगळ्यात जास्त.

तिसरा रस्ता, *नव्याने बांधणं.* साधा, नाव न पटलेला कॅम्पर. बाहेरचं रूप ठेवा आणि आत आजच्या सोयी करा. याचा ग्राहक संग्राहक नसतो, सुट्टीला निघालेलं कुटुंब असतं.

बरेच नवशिके इथेच अडखळतात. दुर्मिळ वस्तू तिसऱ्या रस्त्याला नेतात आणि साध्या वस्तूवर दुसऱ्या रस्त्याची मेहनत घालतात. म्हणून ओळख आधी. वस्तू कोणती आहे हे कळल्याशिवाय तिचा ग्राहक कोण, हे कळत नाही.

कामाचा क्रम

फोटो, मोजमाप, खुणा: पहिला दिवस यातच जातो आणि जायला हवा. प्रत्येक पट्टी, प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो. काढलेले स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. कुजलेली लाकडं फेकायची नाहीत. नवीन लाकूड कापताना तीच साचा म्हणून लागतात.

मग कोपऱ्याच्या पट्ट्या काढून पत्रा सोडवायचा. एका वेळी एकच बाजू उघडायची, नाहीतर सांगाडा तिरका होतो आणि पुन्हा पत्रा बसत नाही. लाकूड बदलताना तांब्याचे क्षार भरलेलं ट्रीटेड लाकूड वापरू नये, कारण ॲल्युमिनियमला ते खातं. वायरिंग आणि पाण्याच्या नळ्या भिंत उघडी असतानाच तपासून बदलायच्या. नंतर पुन्हा भिंत उघडायची म्हणजे तेच काम दोनदा.

पत्रा परत चढवताना पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप आणि स्टेनलेसचे स्क्रू. सिलिकॉन लावून मोकळं होण्याचा मोह होतो. तो टाळा. सिलिकॉन सुटलं की त्या जागेवर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. मग होजने पाणी मारून गळती पाहायची. गळती नाही, हे दोन-तीनदा पाहिल्यावर आतली कपाटं, आणि अगदी शेवटी रंग. व्हिडिओत रंगाचा भाग सगळ्यात लांब दाखवतात, कारण तो बघायला छान वाटतो. प्रत्यक्षात तो कामाचा छोटा तुकडा असतो.

दोन बाबतींत अजिबात तडजोड नाही. एक गॅस. जुनी शेगडी, हीटर आणि गॅसवरचा फ्रिज यांची नळी जाणकार माणसाकडून दाबाखाली तपासून घ्यायची. बंद खोलीत जुना हीटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि त्याला ना रंग ना वास. दुसरी बाब वजनाची. ट्रक किती भार पेलतो हे आधी बघायचं, आणि भरलेल्या कॅम्परचा गुरुत्वमध्य ट्रकच्या मागच्या आसाच्या पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर ट्रकचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. शिवाय आजच्या पिकअपच्या केबिन आणि हौद्याच्या कडा जुन्या गाड्यांपेक्षा उंच असतात, त्यामुळे जुना कॅम्पर नव्या ट्रकवर थेट बसेलच असं नाही. ग्राहकाकडे कोणता ट्रक आहे, हे विचारल्याशिवाय विकू नये.

आता खरा हिशेब

पुढचे आकडे फक्त गणित समजावण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा, कॅम्पर १,५०० डॉलरला घेतला. आणायला ३०० लागले. सामान ३,२०० चं. एकूण ५,००० डॉलर. विकला ९,००० ला. हातात ४,००० डॉलर उरले. व्हिडिओ इथे संपतो आणि टाळ्या वाजतात.

आता वही काढा. कामाला तास किती गेले? समजा ३००. मग ४,००० भागिले ३००, म्हणजे तासाला साधारण १३ डॉलर ३३ सेंट. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात किमान वेतनच तासाला १६ डॉलर होतं. म्हणजे स्वतःची जागा, हत्यारं, जोखीम, सगळं घालून तुम्ही तिथल्या किमान मजुरीपेक्षा कमीवर काम केलं.

आणि पत्रा काढल्यावर जास्त कुजणं निघालं तर? सामान ८०० ने वाढलं, तास १२० ने वाढले. उरले ३,२०० डॉलर, तास ४२०. तासाला ७ डॉलर ६२ सेंट. अमेरिकेचं संघराज्य पातळीवरचं किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट आहे, त्याच्या जेमतेम वर.

म्हणजे हा धंदा वाईट का? नाही. पण नफा नेमका कुठे तयार होतो ते बघा. रंग लावताना नाही, विकताना तर नाहीच. तो तयार होतो घेताना, टोच्या हातात असताना. ज्याने ओळख नीट पटवली आणि कुजणं बरोबर मोजलं, तो १,५०० चा कॅम्पर ७०० ला मागतो किंवा सरळ सोडून देतो. सोडून दिलेला वाईट सौदा हीसुद्धा कमाईच आहे, फक्त ती गल्ल्यात दिसत नाही.

आपल्याकडे यातलं काय घ्यायचं?

"मग मी जुन्या पिकअपवर कॅम्पर बसवू का?" असं विचारणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या वाहनात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. त्यामुळे रस्ता आहे, पण तो आरटीओच्या दारातून जातो. फूड ट्रकसाठी जुना टेम्पो घेणाऱ्यांनाही हेच लागू. फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत विचारून या.

बाकी पद्धत जशीच्या तशी वापरा. जुना फ्रीझर घेताय? मागची पाटी वाचा, त्यात कोणता गॅस आहे ते लिहिलेलं असतं. तारांकित लेबल असेल तर त्यावरचं वर्ष बघा. विकणाऱ्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर ते बिल १ जुलै २०१७ च्या आधीचं नाही. "दहा वर्षं जुनं बिल आहे" असं कुणी म्हणालं तर तारखेचं गणित करा. तीन खुणा जुळल्या पाहिजेत. मग पाणी कुठे मुरतंय ते शोधा. फ्रीझरमध्ये ते दाराच्या रबरात आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात सापडेल, ओव्हनमध्ये आतल्या विटांत आणि दाराच्या फटीत, टेम्पोत चासीवर.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्याला लागणारी एक जुनी वस्तू निवडा. घ्यायची नाही, फक्त बघायला जायचं. वहीत सहा ओळी लिहून आणा: विकणारा काय म्हणतो, मला कोणत्या तीन खुणा सापडल्या, त्या नक्की काय सिद्ध करतात, बिघाड कुठे लपलेला असू शकतो, दुरुस्तीला किती पैसे आणि किती तास, आणि माझ्या तासाला किती पडतात. सहावी ओळ लिहिताना हात थांबला, तर वस्तू तिथेच राहू द्या.

जुनी वस्तू पुन्हा उभी करण्यात मोठं समाधान आहे, यात वाद नाही. पण समाधानाने दुकानाचं भाडं भरत नाही. वही घेऊन जा, टोच्या घेऊन जा, आणि पाकीट शक्यतो घरी ठेवून जा.